कबाडीच्या दुकानातला संगणक आणि ताईच्या बारा फ्लॉप्या

मी रायपूरहून बोलतोय. आधीच्या व्याख्यानांमध्ये तुम्ही मोठमोठ्या अभ्यासकांना ऐकलंत. मी अभ्यासक नाही. मी साधा बी.एस्सी. झालेला माणूस. १९८१ साली सैन्यात कमिशन मिळालं, सिग्नल्समध्ये एकतीस वर्षं काढली आणि २०१२ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. आता सदुसष्टावं चालू आहे. आमच्या घरात तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे तेवीस जुने संगणक आहेत आणि त्यातले सोळा चालू आहेत. उरलेल्या सातांपैकी तीन चालू होतील असं मला वाटतं, चार होणार नाहीत असं आमच्या सौभाग्यवतींना वाटतं. आजवर त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आलाय.

लोक विचारतात, "कर्नलसाहेब, हे कशाला? तुमच्या खिशातला मोबाइल या सगळ्या डब्यांपेक्षा हजार पटीनं वेगवान आहे." खरं आहे. वेगासाठी मी हे जमवलेले नाहीत. का जमवले, ते आज सांगतो. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

१९९७ सालची गोष्ट. मी एका युनिटमध्ये होतो. सैन्यात एखादं उपकरण दुरुस्तीच्या पलीकडे गेलं, म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की त्याला 'बी.ई.आर.' म्हणतात. अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, कागद होतात, सह्या होतात आणि वस्तू भंगारात जाते. त्या वर्षी ऑफिसातला एक जुना संगणक असाच निघाला. बोर्डाचा प्रमुख मी होतो. नवी यंत्रं आली होती, जुना चालतही नव्हता. मी सही केली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

त्या संगणकावर आमच्या एका हवालदार क्लार्कनं दोन वर्षं बसून एक काम केलं होतं. युनिटच्या वर्धापनदिनाला पेन्शनर जवान यायचे. त्यांच्याकडून हा ६२च्या, ६५च्या, ७१च्या आठवणी ऐकायचा आणि टाइप करून ठेवायचा. गोपनीय काहीच नव्हतं. थंडी कशी होती, पत्रं कशी यायची, कोण कुणाचा जोडीदार होता, अशाच गोष्टी. हे सगळं सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर होतं. संगणक गेला, फ्लॉप्या स्टोअरमध्ये राहिल्या. दोन वर्षांनी स्मरणिका काढायची ठरली तेव्हा त्या फ्लॉप्या वाचणारा ड्राइव्ह आमच्याकडे नव्हता. शहरातल्या एका दुकानात जुना ड्राइव्ह सापडला. दुकानदारानं फ्लॉपी घातली, खरखर आवाज आला. त्यानं दुसरी घातली, तिसरी घातली. तीन पावसाळ्यांत फ्लॉप्यांवर बुरशी धरली होती. पहिल्या फ्लॉपीवरची बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटली आणि त्या हेडनं पुढच्या प्रत्येक फ्लॉपीचा थर खरवडून काढला. अर्ध्या तासात सगळं संपलं. मी शेजारीच उभा होतो. थांबवायला हवं हे मला कळलं नाही.

त्या आठवणी सांगणारे बहुतेक जवान पुढच्या काही वर्षांत गेले. दुकानदाराचा यात दोष नाही. यंत्र मोडीत काढताना त्याच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. यंत्राची किंमत कागदावर शून्य झाली होती, आणि मला वाटलं की आतल्या मजकुराचीही झाली.

ही पहिली गोष्ट. आता दुसरी, आणि ती आमच्या घरातली आहे.

मोठी ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. रायपुरात शिक्षिका होती. तुमच्यापैकी बरेच जण महाराष्ट्रात राहत असाल, म्हणून थोडं सांगतो. छत्तीसगडात मराठी माणसं नवी नाहीत. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरातून इथला कारभार बघत होते. त्या काळापासून आणि पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या काळात नोकरी-व्यवसायासाठी मराठी कुटुंबं इथे येत राहिली. इथल्या घरांतली मराठी वेगळी आहे. आमची आजी भाजीला 'साग' म्हणायची, तांदळाच्या पिठाचा छत्तीसगडी फरा करायची आणि त्याला फोडणी मात्र गोड्या मसाल्याची द्यायची. पुण्याच्या पाहुण्यांना ते कळायचं नाही आणि इथल्या शेजाऱ्यांनाही कळायचं नाही. ते फक्त आमचं होतं.

ताईला याची नोंद करायचा ध्यास होता. १९९३ ते ९५ या काळात ती शाळा सुटल्यावर एका ओळखीच्या डीटीपीच्या दुकानात जायची आणि तिथल्या संगणकावर मराठीत टाइप करायची. आम्ही तेव्हा पोस्टिंगवर कुठे तरी लांब. पत्रात ती लिहायची, "आज ठेठरी आणि खुरमी झाली." मला वाटायचं पदार्थ केले. ती लिहून झाल्याचं सांगत होती.

ताई २०१० साली गेली. २०१३ मध्ये तिचं कपाट आवरताना पेढ्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात बारा फ्लॉप्या सापडल्या. (फ्लॉपी कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा त्यातली एक. सव्वापाच इंची, वाकते म्हणून नाव फ्लॉपी. लेबलवर तिचं अक्षर आहे: 'घरचे शब्द १'. दुसऱ्यावर 'आजीचे पदार्थ'. तिसऱ्यावर 'लग्नघर'. आणि लेबलांच्या कडेला बुरशी.

ते बघितलं आणि मला १९९९ सालचं ते दुकान आठवलं. मी डबा बंद केला. ठरवलं की या वेळी घाई करायची नाही.

आता थोडं तांत्रिक बोलतो, पण सोपं करून. ताई मराठीत टाइप करत होती ते डॉसवर. डॉसला देवनागरी येत नव्हती. मग हे होत कसं होतं? कानपूरच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या गटानं देवनागरी संगणकाचं काम सुरू केलं होतं. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचं यंत्र लोकांनी बघितलं. त्या कामात मोहन तांबे होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि हे तंत्रज्ञान तिथे आलं. त्याचं नाव 'जिस्ट'. सी-डॅक म्हटलं की लोकांना विजय भटकर आणि १९९१चा परम महासंगणक आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण माझ्या ताईपर्यंत परम पोहोचला नव्हता. तिच्यापर्यंत जिस्ट पोहोचलं होतं.

जिस्ट हे एक कार्ड होतं. संगणकाचं झाकण उघडून मदरबोर्डच्या खाचेत ते बसवायचं. मग इंग्रजीसाठी बनलेल्या साध्या डॉस प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटायची. एक कळ दाबली की तोच मजकूर दुसऱ्या भारतीय लिपीत दिसायचा, कारण आत साठवताना अक्षराचा आकार न साठवता उच्चाराचा क्रमांक साठवलेला असायचा. या क्रमांकांच्या तक्त्याला 'इस्की' म्हणतात. १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून ठरला. आज तुमच्या मोबाइलवर जी मराठी दिसते ती युनिकोडमध्ये असते, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर जे मराठी लिहिता त्याचा पाया तिथे आहे.

म्हणून मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, या फ्लॉप्या वाचणारा १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह. दोन, जमलं तर जिस्ट कार्ड असलेला संगणक. डीटीपीचं ते दुकान कधीच बंद झालं होतं. मालकाचा मुलगा म्हणाला, "काका, ते सामान आम्ही केव्हाच काढून टाकलं."

मग मी कबाड्यांकडे जायला लागलो. महाराष्ट्रात तुम्ही भंगारवाला म्हणता, आमच्याकडे कबाडी. स्टेशनच्या बाजूला, भनपुरीकडे, जिथे जिथे जुन्या डब्यांचे ढीग दिसतील तिथे. सगळ्यांना फोन नंबर देऊन ठेवला. सुरुवातीला त्यांना वाटलं साहेबांचं डोकं फिरलंय. कबाडी जुना संगणक घेतो तो वजनावर. पत्रा वेगळा, तांबं वेगळं, बोर्ड वेगळे. बोर्डांच्या कडांना सोन्याचा मुलामा असतो, त्यासाठी ते पुढे जातात. संगणक अख्खा राहिला तर कबाड्याचं नुकसान असतं.

चौदा महिन्यांनी एकाचा फोन आला. "कर्नलसाहब, बड़ी फ्लॉपी वाला डब्बा आया है. कल कटेगा." मी त्याच संध्याकाळी गेलो. ३८६ होता. झाकण आधीच निघालेलं. आत एक लांब कार्ड, आणि त्यावर इंग्रजीत जिस्टची अक्षरं. मंडळी, सियाचिनहून परत येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज ऐकल्यावर जसं वाटायचं तसं मला वाटलं. कबाड्यानं माझा चेहरा बघितला आणि भाव तिप्पट केला. मी दिला.

घरी आणल्यावर पहिला मोह काय होतो? प्लग लावायचा आणि बटण दाबायचं. ते करायचं नाही. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एवढं ठेवा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं यंत्र सरळ चालू केलं तर आतले कपॅसिटर फुटू शकतात आणि एका क्षणात बोर्ड जळतो.

मी काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी प्रत्येक बाजूनं फोटो काढले. कुठली केबल कुठे हे वहीत लिहिलं. सैन्यात प्रत्येक उपकरणाचं लॉगबुक असतं, ती सवय इथे कामाला आली. मग मदरबोर्डवरची बॅटरी बघितली. त्या काळच्या ३८६ बोर्डांवर निळ्या नळीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, तारीख-वेळ लक्षात ठेवायला. ती म्हातारी झाली की गळते. तिच्यातला क्षार बोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेषा खातो. माझ्या बोर्डवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसत होतं, ती बुरशी नव्हती, खाल्लेलं तांबं होतं. बॅटरी कापून काढली. क्षार मारायला घरचं पांढरं व्हिनेगर, मग शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस वाळवणं. चार रेषा तुटल्या होत्या. भिंग लावून केसासारख्या तारेनं त्या जोडल्या. त्या चार रेषांना मला तीन आठवडे लागले. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही आता.

मग वीजपुरवठ्याचा डबा वेगळा तपासला. त्याचे कपॅसिटर बदलले, नागपूरहून सीताबर्डीच्या एका दुकानातून मागवले. पडद्याच्या मॉनिटरला मात्र नवशिक्यानं हात लावू नये. काचेच्या त्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मी ते काम जाणकाराकडून करून घेतलं.

रायपूरची म्हणून एक अडचण आहे ती सांगतो. आमच्या शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांची बारीक काळी धूळ गच्चीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि संगणकात तर बसतेच. ही धूळ साधी माती नाही, तिच्यात कार्बन आणि लोखंड असतं, म्हणजे ती वीज वाहून नेऊ शकते. म्हणून इथे आलेला प्रत्येक डबा मी आधी मऊ ब्रशनं आणि हवेच्या झोतानं अंगणात साफ करतो, नाकाला मास्क लावून. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, म्हणून वरच्या मजल्यावर काही ठेवत नाही. पावसाळ्यात दमट हवा, म्हणून फ्लॉप्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

संगणक चालू झाला तो २०१५च्या जानेवारीत. बॅटरी नसल्यामुळे तो सगळं विसरलेला होता, कुठला ड्राइव्ह बसवलाय हेसुद्धा त्याला हातानं सांगावं लागलं. पण पडद्यावर देवनागरी उमटली.

आता फ्लॉप्या. या वेळी बुरशी लागलेली एकही फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली नाही. बाहेरच्या आवरणाची कड कापायची, आतली गोल चकती काढायची, शुद्ध पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडानं हलक्या हातानं पुसायची, पुन्हा शुद्ध पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची आणि स्वच्छ रिकाम्या आवरणात घालायची. सुरुवात कोऱ्या, टाकाऊ फ्लॉप्यांवर केली. अशा वीस धुतल्यावर ताईच्या पहिल्या फ्लॉपीला हात लावला. कडेची खाच चिकटपट्टीनं बंद केली, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड अल्कोहोलनं पुसलं.

बारापैकी आठ पूर्ण वाचल्या गेल्या. दोन अर्धवट. दोन नाहीत.

फायली मी भाचीला पाठवल्या. ताईची मुलगी, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या संगणकावर त्या उघडल्या तर नुसती विचित्र चिन्हं दिसली, कारण आजच्या संगणकाला तो इस्कीचा तक्ता ठाऊक नसतो. तिनं एका रविवारी छोटा प्रोग्रॅम लिहिला: जुना क्रमांक अमुक, तर नवं अक्षर तमुक. रात्री तिचा फोन आला. "मामा, हे आईनं कधी केलं? मी तेव्हा कुठे होते?" मी म्हटलं, "तू आठवीत होतीस आणि तुला वाटायचं आई शाळेतून उशिरा येते."

आता कुणी म्हणेल, की ड्राइव्ह मिळाल्यावर मजकूर निघालाच असता, मग अख्खा संगणक आणि ते जिस्ट कार्ड कशाला हवं होतं? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण भाचीनं पाठवलेला मजकूर वाचताना 'लग्नघर'मध्ये एक वाक्य आलं, की मांडवात आचार्यांना पहिला विडा द्यायची पद्धत होती. मी म्हटलं, बरोबर आहे, गुरुजींचा मान पहिला. पुढच्या ओळीत त्याच आचार्यांनी बुंदी पाडली! मग प्रकाश पडला. ताईनं 'आचाऱ्यांना' लिहिलं होतं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. आपल्या मराठीत 'र'ची ही दोन जोडरूपं वेगळी आहेत, डोक्यावरचा रफार आणि आडवा तुटक 'र'. इस्कीत त्यासाठी वेगळी खूण असते, ती आमच्या पहिल्या तक्त्यात सुटली होती. पुऱ्यांच्या पुर्या झाल्या होत्या, वाऱ्याचा वार्या. मी जुन्या संगणकावर तीच फाइल उघडली. पडद्यावर स्पष्ट 'आचाऱ्यांना'. मग ओळ न् ओळ ताडून बघितली. अशा दोनशेच्या वर जागा निघाल्या.

आमच्या घरात पहिला विडा आचाऱ्याला द्यायचे. म्हणजे जो सगळ्यांना जेवू घालणार, त्याचा मान आधी. हे मला ठाऊक नव्हतं. जुनं यंत्र नसतं तर मी चुकीचंच खरं मानून बसलो असतो आणि भाचीनंही तेच पुढे सांगितलं असतं.

ही आमच्याच घरची रड आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजानं देशाची पाहणी करून एक ग्रंथ करवला, डूम्सडे बुक. १९८६ साली त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीनं नवा डूम्सडे प्रकल्प केला. लाखो शाळकरी मुलांनी आपापल्या गावाची माहिती दिली. ती लेझर डिस्कवर भरली आणि बघायला बीबीसीचा खास संगणक आणि खास प्लेअर लागायचा. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली, की नऊशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ जाणकाराला वाचता येत होता आणि सोळा वर्षांपूर्वीच्या डिस्का वाचायला यंत्रं मिळत नव्हती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांनी २००२ मध्ये जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून मार्ग काढला. पण नक्कल करायला मूळ यंत्र समोर असावं लागतं.

त्याच घराण्यातले बीबीसी मायक्रो संगणक आपल्याकडेही आले होते. १९८४-८५ मध्ये भारत सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, शाळांमध्ये संगणक साक्षरता आणायला. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा होत्या. आज पन्नाशीत असलेल्या किती तरी जणांनी पहिला संगणक तिथे बघितला असेल. ती यंत्रं कुठे आहेत? काही शाळांच्या प्रयोगशाळेत, मोडक्या बाकांच्या मागे असतील. त्यांवर मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅमही असतील. कुणीतरी जाऊन बघायला हवं.

मोठ्या यंत्रांचीही तीच कथा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी 'टिफ्रॅक' हा संगणक बनवला. १९६० साली तो काम करू लागला. हजारो निर्वात नळ्या आणि स्मृती २०४८ शब्दांची. पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. चालू स्थितीत तो आज नाही. उलट इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडायला बनवलेली कोलॉसस यंत्रं युद्धानंतर गुप्ततेसाठी मोडली, आराखडे जाळले. पण टोनी सेल नावाच्या माणसानं नव्वदच्या दशकात काही छायाचित्रं आणि जुन्या अभियंत्यांनी जपून ठेवलेल्या तुरळक कागदांवरून ते पुन्हा उभं करायला घेतलं आणि २००७ साली पूर्ण केलं. सिग्नल्सचा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. तो यशस्वी झाला कारण ती यंत्रं बनवणारे काही जण तेव्हा हयात होते. टिफ्रॅकच्या पिढीतली माणसं आता किती उरली असतील, याचा विचार करा.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरात जुना संगणक, फ्लॉप्या किंवा जुनी हार्डडिस्क असेल, तर कबाड्याला देण्याआधी विचारा: यावर कोण काय करत होतं? वडिलांचे हिशेब असतील, आईच्या पाककृती असतील, मंडळाच्या सभासदांची यादी असेल. दुसरं, चालू करून बघू नका. उघडता येत असेल तर बॅटरी काढून टाका, नाही तर कोरड्या, सावलीच्या जागी ठेवून जाणकार शोधा. तिसरं, ज्यांच्याकडे नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकातल्या मराठी फायली आहेत, डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेल्या, त्यांनी आजच त्या युनिकोडमध्ये करून घ्या आणि मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. त्या काळी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फॉन्टचा तक्ता वेगळा होता. इस्की निदान मानक होतं, हे फॉन्ट तसे नव्हते. दिवाळी अंकांची, स्मरणिकांची, कुलवृत्तांतांची मूळ प्रत अशाच फायलींमध्ये अडकली आहे. चौथं, मूळ फाइल फेकू नका. रूपांतरात काय सुटलं हे पुढे कधीतरी तिच्यावरूनच कळतं. आमच्या आचाऱ्याचं तसंच झालं.

आणि ज्यांना हा छंद लागेल त्यांना सौभाग्यवतींच्या वतीनं एक नियम सांगतो: नवीन एक आणलं, तर आधीचं एक चालू झालेलं असलं पाहिजे. हा नियम मी तीनदा मोडलाय, म्हणून ते सात बंद डबे आहेत.

त्या खोलीत आता रविवारी कॉलनीतली चार-पाच मुलं येतात. त्यांना मी हातात पाना आणि ब्रश देतो. एक मुलगी अकरावीत आहे, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तुटलेल्या रेषा आता तीच जोडते.

ताईच्या दोन फ्लॉप्या अजून वाचायच्या राहिल्या आहेत. एकीचं लेबल आहे 'घरचे शब्द ४', दुसरीवर काहीच लिहिलेलं नाही. हल्ली चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेणारी छोटी उपकरणं मिळतात. ड्राइव्हला जे वाचता येत नाही त्यातलंही काही त्यातून हाती लागू शकतं. तसं एक मी मागवलंय. येत्या पावसाळ्याच्या आधी, हवा कोरडी असताना, ती मुलगी आणि मी बसणार आहोत. निघालं तर भाचीला पहिला फोन. नाही निघालं तर फ्लॉप्या पुन्हा डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. त्या मी बी.ई.आर. करणार नाही.

जय हिंद.